कालवांसाठी डोंगर चढलेली माणसं

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय. बोलताना माझं जे "म्हणजे... म्हणजे..." चाललं होतं तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच आहे.

तर साल १९८९, महिना सप्टेंबर. जपानच्या ईशान्येला इवाते प्रांतात मुरोने नावाचा डोंगर आहे. उंची ८९५ मीटर, म्हणजे फार नाही. त्या डोंगरावर एक दिवस समुद्रावरची माणसं चढली. हातात कुदळी, टोपल्यांमध्ये झाडांची रोपं आणि सोबत मोठमोठे रंगीबेरंगी झेंडे. या झेंड्यांना जपानीत 'ताइर्योबाता' म्हणतात. भरपूर मासळी मिळाली की होडी हे झेंडे फडकवत बंदरात येते, म्हणजे काठावरच्यांना लांबूनच कळतं. आता डोंगरात कुठली आलीय मासळी? पण त्या दिवशी ते झेंडे झाडांमध्ये फडकले आणि समुद्रावरच्या माणसांनी बीच, ओक अशी रुंद पानांची झाडं लावली.

ही माणसं कालवांची शेती करणारी होती. त्यांच्या पुढे होते हाताकेयामा शिगेआत्सु. वय सेहेचाळीसच्या आसपास, शिक्षण मत्स्य हायस्कूलपर्यंत, धंदा वडिलांचाच. गाव मौने. केसेन्नुमा शहराच्या हद्दीतली छोटीशी खाडी.

कालवांच्या शेतकऱ्याला झाडं लावायची गरज का पडली, हाच आजचा विषय. पण त्याआधी कालवांची शेती म्हणजे नक्की काय ते बघू. कारण 'शेती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खत, पाणी, औषध येतं, आणि मासळीची शेती म्हटलं की पोतीच्या पोती खाद्य. कालवांना यातलं काहीच लागत नाही. कालव जागचं हलत नाही. तोंडाशी येणारं पाणी आत घेतं, त्यातले सूक्ष्म जीव, म्हणजे प्लँक्टन, गाळून खातं आणि पाणी परत सोडतं. परिस्थिती चांगली असेल तर मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी असं गाळू शकतं. पाणी गढूळ करणारं प्लँक्टन कमी झालं की ऊन खोलवर पोचतं आणि तळाचं समुद्री गवत तगतं. कालवांच्या माळांमध्ये माशांची पिल्लं लपतात. आणि शेतकरी जेव्हा कालवं काढून बाजारात नेतो, तेव्हा नदीतून वाहून आलेला बराचसा नायट्रोजन त्यांच्या मांसातून समुद्राबाहेर जातो. शेतातून आणि गटारातून आलेलं खत जमिनीवर परत आणायचा याच्याइतका चविष्ट मार्ग मला तरी माहीत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कालवाला कुंपण घालता येत नाही. नदीनं जे आणलं ते त्याच्या पोटात जाणारच. गाय आजारी पडली तर चारा बदलता येतो, इथे चारा म्हणजे अख्खी खाडी! म्हणून पाणी बिघडलं की सगळ्यात आधी कालववाल्याला कळतं, आणि सगळ्यात आधी तोच बुडतो.

या किनाऱ्याला सानरिकू म्हणतात. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यांच्यामध्ये आत घुसलेल्या अरुंद खाड्या, आणि छोट्या नद्या. कोकण आठवलं ना? मलाही आठवलं. फक्त इथे बर्फ पडतो. याच मियागी प्रांतात इशिनोमाकीजवळ मांगोकुउरा नावाची शांत खाडी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ओकिनावाहून आलेला एक माणूस तिथे राबला. त्याचं नाव मियागी शिन्शो. आडनाव मियागी, प्रांतही मियागी, पण हा निव्वळ योगायोग बरं का.

तोवर कालवं वाढवायची म्हणजे उथळ पाण्यात दगड किंवा बांबू रोवायचे आणि त्यांवर कालवं धरायची वाट बघायची. मियागी आणि त्याच्या काळातल्या इतर काही जणांनी कालवं पाण्यात लटकवायची पद्धत बसवली. वर तरंगता तराफा, त्याला खाली सोडलेले दोर, दोरांना टरफलांच्या माळा आणि त्या टरफलांवर चिकटलेली कालवांची पिल्लं, ज्याला आपण बी म्हणू. आता शेत आडवं पसरायच्या ऐवजी उभं खाली गेलं. खोल खाडीसुद्धा वापरात आली.

या बियाण्याचा प्रवास तर एखाद्या सिनेमात शोभेल असा आहे. १९१९ मध्ये मियागी आणि त्याच्या साथीदारांनी जपानहून ४०० पेट्या कालवं जहाजानं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सॅमिश उपसागरात नेली. मोठी कालवं प्रवासात मेली. सगळं फुकट गेलं असं वाटलं. काही महिन्यांनी बघतात तर मेलेल्या टरफलांना चिकटून आलेली पिल्लं मस्त जिवंत आणि वाढत असलेली! मोठं कालव नाही, बी पाठवायचं, हा धडा तिथून मिळाला. पुढे कित्येक दशकं मियागीचं बी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात राहिलं. मात्र ज्या जपान्यांनी हे सुरू केलं त्यांना तिथे टिकता आलं नाही. १९२१ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं जपान्यांच्या जमिनीच्या हक्कावर बंदी आणणारा कायदा केला आणि कालवांची ती जागा अमेरिकन लोकांच्या हाती गेली. बी चाललं, माणसं नकोत. या गोष्टीवर एक वेगळा भाग करता येईल.

मग फ्रान्स. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या 'पोर्तुगीज' जातीच्या कालवांवर रोग पडला आणि १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती जात तिथून जवळजवळ संपली. फ्रेंच माणसाच्या ताटातून कालव जाणं म्हणजे आपल्याकडे गणपतीत मोदक नसण्यासारखं! तेव्हा फ्रान्सनं मियागीतून बी मागवलं, फार मोठ्या प्रमाणावर. आज फ्रान्समध्ये पिकणारी बहुतेक कालवं या जपानी जातीची आहेत. सगळं गोडगोड नाही झालं. त्या बियांबरोबर जपानी सागरी शेवाळही युरोपात शिरलं आणि पसरलं. जर्मनी-नेदरलँड्सच्या उथळ किनाऱ्यावर हीच कालवं नको तिथे वाढून बसलीत. कालव उपकारी आहे, पण कुठेही नेऊन टाकावं असं नाही.

आता परत हाताकेयामांकडे.

ते वडिलांच्या तराफ्यांवर काम करू लागले तेव्हा जपानची भरभराट सुरू होती. १९६० आणि ७० च्या दशकांत केसेन्नुमाच्या खाडीत मासळीच्या कारखान्यांचं सांडपाणी, घरांतला साबण, शेतातली औषधं, सगळं येऊन पडत होतं. खाडीला 'रेड टाइड' लागली, म्हणजे एका प्रकारचं प्लँक्टन इतकं माजलं की पाणीच तांबूस झालं. ते पाणी गाळून कालवंही तांबूस झाली. लोक त्यांना 'रक्तकालवं' म्हणू लागले. तोक्योच्या त्सुकिजी बाजारात तेव्हा पांढरंशुभ्र कालव चालायचं. हे कोण घेणार? माल फेकून द्यावा लागला. कित्येकांनी तराफे सोडले आणि दुसरी कामं धरली.

१९८४ मध्ये हाताकेयामा फ्रान्सला गेले, कालवांची शेती बघायला. लोआर नदीच्या मुखाशी त्यांना ओहोटीच्या चिखलात खेकडे, कोळंबी, बारीकसारीक जीव वळवळताना दिसले. हे तर आपल्या लहानपणी आपल्या खाडीत असायचं, असं त्यांना वाटलं. मग ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. तिथे रुंद पानांच्या झाडांची दाट जंगलं होती. तेव्हा त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं.

परत आल्यावर त्यांनी आपल्या खाडीत येणारी ओकावा नदी उलटी चालायला घेतली. मुखापासून उगमाकडे. नदी लहानशी, पंचवीस-एक किलोमीटरची. खाडीकाठी भराव. थोडं वर भातशेती, आणि शेतात कीटकनाशकं. त्याच्या वर डोंगर हिरवेगार, पण नुसते सुगीचे, म्हणजे जपानी देवदाराचे. युद्धानंतर घरबांधणीसाठी जपाननं डोंगरच्या डोंगर या एकाच झाडानं भरले होते. मग बाहेरून स्वस्त लाकूड यायला लागलं, देवदाराला भाव उरला नाही, आणि विरळणी करायलाही कुणी जाईना. झाडं एकमेकांना खेटून वाढली, खाली ऊन पोचेना, झुडपं नाहीत, पाचोळा नाही. पाऊस पडला की माती धुऊन थेट नदीत. लांबून बघणाऱ्याला मात्र "काय सुंदर जंगल आहे!" असंच वाटणार. आणि या सगळ्याच्या भरीला नदीच्या मुखापासून काही किलोमीटरवर धरण बांधायचा सरकारी आराखडा तयार होता.

जंगल आणि कालव यांचं नातं सांगायला एक शास्त्रज्ञ मिळाले, होक्काइदो विद्यापीठाचे मात्सुनागा कात्सुहिको. त्यांचं म्हणणं असं: प्लँक्टनला वाढायला लोह लागतं. समुद्राच्या पाण्यात लोह सहज विरघळलेलं राहत नाही, गंजाचे कण होऊन तळाशी बसतं. पण रुंद पानांचा पाचोळा कुजतो तेव्हा फुल्विक आम्ल तयार होतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि नदीवाटे समुद्रात प्लँक्टनपर्यंत पोचवतं. पाचोळा नाही तर लोह नाही, लोह नाही तर प्लँक्टन नाही, आणि प्लँक्टन नाही तर कालव उपाशी. हे गणित प्रत्येक किनाऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी टंचाई लोहाची नसून दुसऱ्याच कशाची तरी असते. पण धरण होणार म्हणून घाबरलेल्या कोळ्यांच्या हाती पहिल्यांदाच वरच्या जंगलाबद्दल बोलायचं कारण आलं.

आणि मग १९८९ ची ती चढाई. चळवळीचं नाव ठरलं 'मोरी वा उमि नो कोइबितो', म्हणजे जंगल ही समुद्राची प्रेयसी. गावातल्या कुमागाई र्‍युको या कवयित्रीच्या कवितेतून ते सुचलं. मला हे नाव फार आवडतं. आपल्याकडे समिती नेमली असती तर 'पर्यावरण जलसंवर्धन अभियान टप्पा १' झालं असतं.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, कारण ही गोष्ट इंटरनेटवर जिथे तिथे फार गोड करून सांगतात. झाडं लावली आणि समुद्र सुधारला. पण झाड काय पाच वर्षांत जंगल होतं का? लावलेल्या रोपांची जागा अख्ख्या नदीखोऱ्याच्या मानानं केवढीशी! खाडी मात्र पुढच्या काळात खरंच सुधारत गेली. मग सुधारली कशानं?

माझं उत्तर: पोरांनी. हाताकेयामांनी दुसऱ्याच वर्षापासून डोंगरातल्या शाळांची मुलं खाडीत बोलवायला सुरुवात केली. ज्यांनी समुद्रात कधी पाय घातला नव्हता अशी शेतकऱ्यांची मुलं तराफ्यांवर आली. हाताकेयामा बारीक जाळीनं प्लँक्टन गोळा करायचे आणि ते पाणी कपात घालून मुलांना प्यायला लावायचे. घोटभरच. मग म्हणायचे, कालव रोज हेच पितं. तुमच्या नदीत जे पडतं ते या कपात येतं. तुम्हीच सांगा, असा कप प्यायल्यावर कोण विसरेल? ती मुलं घरी गेली आणि आईला शाम्पू कमी वापरायला, बाबांना शेतातलं औषध कमी मारायला सांगू लागली. डोंगरातले शेतकरी आणि खाडीतले कोळी एकमेकांना नावानं ओळखू लागले. प्रांत वेगळे, एक इवाते आणि एक मियागी, पण नदी एक. सांडपाण्याचे नियमही दरम्यान कडक होत होते. धरणाचं काम १९९७ मध्ये थांबवलं गेलं आणि नंतर तो आराखडाच रद्द झाला. झाडांनी पाणी साफ केलं त्याच्या आधी झाडांनी माणसं एकत्र आणली, असं मला वाटतं.

११ मार्च २०११. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. यूट्यूबवर ते व्हिडिओ आजही आहेत. केसेन्नुमात त्सुनामी आली, बंदरातल्या तेलाच्या टाक्या फुटल्या, आणि रात्री खाडीचं पाणी पेटलं. शहरात हजाराहून जास्त माणसं गेली. मौनेमधल्या बावन्न घरांपैकी चव्वेचाळीस वाहून गेली. सगळे तराफे, होड्या, कालवं, सगळं. हाताकेयामांची नव्वदी ओलांडलेली आई शहरातल्या वृद्धाश्रमात होती. ती त्या लाटेत गेली.

त्यानंतर काही आठवडे खाडीत एकही जीव दिसेना. मासा नाही, किडा नाही. समुद्र मेला असं हाताकेयामांना वाटलं. मे महिन्यात क्योतो विद्यापीठाचे तानाका मासारू पाणी तपासायला आले. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर प्लँक्टन भरपूर होतं, कालवांना पोट फुटेस्तोवर पुरेल इतकं. नदी आणि तिच्या मागचं जंगल तर वाहून गेलं नव्हतं ना! पण समुद्रात कालवंच नव्हती. बी शोधलं, तराफे बांधले. मदतीला स्वयंसेवक आले. फ्रेंच कालववाल्यांकडूनही दोर आणि इतर सामान आलं, 'ओकाएशी' म्हणजे परतभेट म्हणून. सत्तरच्या दशकातल्या बियांची ती परतभेट. त्याच जूनमध्ये, घरं नसताना, डोंगरावर झाडं लावायचा कार्यक्रमही झाला.

याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला मिनामिसानरिकू नावाचं गाव आहे. तिथल्या तोकुरा भागातली गोष्ट मला हाताकेयामांच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते, पण ती कमी सांगितली जाते. त्सुनामीआधी तिथे खाडीत हजाराच्या वर तराफे दाटीवाटीनं होते. प्रत्येकाला वाटायचं, शेजाऱ्यानं दोन टाकले तर मी तीन टाकीन. परिणाम? खाणारी तोंडं जास्त, प्लँक्टन तेवढंच. तळाशी विष्ठेचा गाळ साचलेला. एक कालव विकण्याजोगं व्हायला दोन-तीन वर्षं लागायची. कालवांची शेती आपोआप चांगलीच असते या समजाला इथे छेद जातो.

लाटेनं सगळं नेल्यावर तिथल्या लोकांनी ठरवलं की आता तराफे एक तृतीयांशच ठेवायचे. ठरवलं म्हणणं सोपं आहे. घर गेलं, होडी गेली, आणि वर कुणीतरी सांगतोय की उत्पन्नाचं साधनही कमी कर. भांडणं झाली, कडाक्याची. ज्यांचे आधी जास्त तराफे होते ते चिडले. तरीही शेवटी जमलं. मग तीच कालवं एका वर्षात तयार व्हायला लागली, आणि भरलेली. कामाचे तास कमी झाले, कमाई वाढली, तरुण पोरं धंद्यात परत आली. २०१६ मध्ये जबाबदार मत्स्यशेतीचं 'एएससी' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारे ते जपानमधले पहिले ठरले. २०१८ मध्ये ती शिझुगावा खाडी रामसर यादीत गेली.

तुमच्यातल्या काहींनी कमेंटमध्ये "मग कोकणात का नाही?" असं लिहायच्या आधीच सांगतो: थोडंफार चाललंय. केरळमध्ये कासारगोडच्या पडन्ना भागात १९९६-९७ पासून बायकांच्या गटांनी शिनाण्यांची शेती उभी केली, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तंत्रानं. तिथे पावसाळा संपल्यावर बी दोरांना बांधतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत काढतात, कारण पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि शिनाणे मरतात. सिंधुदुर्गातही बचत गटांनी कालवं आणि शिनाणे वाढवलेत. २०१७ पासून महाराष्ट्रात कांदळवन राखणाऱ्या गावांना अशा उपजीविकेसाठी अनुदान देणारी सरकारी योजना आहे. ओहोटीला खडकावर वाकून कालवं फोडणाऱ्या बायका कोकणात पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांना खाडी कुणी शिकवायची गरज नाही. पण कांदळवनापर्यंत आपली नजर पोचलीय, घाटमाथ्यापर्यंत अजून नाही. नदी वरून काय घेऊन येते हे बघायला खाडीतून सह्याद्रीत कोण चढतंय?

हाताकेयामांना २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'फॉरेस्ट हीरो' म्हणून गौरवलं. कालववाल्याला जंगलाचा पुरस्कार! एप्रिल २०२५ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते गेले. झाडं लावायचा कार्यक्रम दर जूनमध्ये होत आलाय.

मौनेचं एक सांगायचं राहिलं. त्सुनामीनंतर सरकारनं तिथे ९.९ मीटर उंच काँक्रीटची भिंत बांधायचं ठरवलं होतं. या किनाऱ्यावर मैलोनमैल अशा भिंती उभ्या राहिल्या. मौनेच्या लोकांनी एकमतानं नको म्हणून सांगितलं. आपण घरं वर डोंगरावर नेऊ, समुद्र दिसू दे. ज्यांची घरं त्या समुद्रानंच नेली होती ती माणसं हे म्हणत होती. भूकंपात तिथली जमीन खचली होती. खाली जिथे घरं आणि शेतं होती तिथे भरतीचं पाणी येऊ लागलं आणि पाणथळ तयार झाली. २०१९ मध्ये नदीकाठचा बांध एका जागी फोडून ती पाणथळ नदीला जोडली. तिथल्या चिखलात तिसऱ्या मिळतात, ज्यांना जपानी 'असारी' म्हणतात. लहान मुलं ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्या वेचतात.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.